पुणे–दिल्ली विमानसेवा: ५८ उड्डाणांनंतरचा अभिप्राय

मार्च २०२३ ते जानेवारी २०२६ या काळात मी पुणे–दिल्ली मार्गावर २९ फेऱ्या केल्या. थोरली बहीण दिल्लीत राहते. तिच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या तपासण्या, औषधोपचार आणि घरची देखभाल यांसाठी मला महिन्या-सव्वा महिन्याने जाणे भाग पडले. या ५८ उड्डाणांपैकी ४१ ठरलेल्या वेळेच्या आसपास सुटली, १२ तासाभरापर्यंत रखडली, ३ तीन तासांहून अधिक लांबली आणि २ रद्द झाली. सोयीप्रमाणे वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे काढली, त्यामुळे हा अभिप्राय कोणा एका कंपनीचा नसून या मार्गावर मिळणाऱ्या एकूण सेवेचा आहे. व्यवसायाने मी लेखापरीक्षक आहे. प्रत्येक तिकिटाची पावती, प्रत्येक संदेश आणि प्रत्येक ई-मेल जपून ठेवण्याची सवय मला आहे, आणि हे कागद एकत्र मांडून पाहिल्यावर माझे मत असे झाले की या सेवेतील उणिवा विमानात क्वचितच जन्माला येतात. त्या एकतर सरकारच्या नियमांतून येतात किंवा कंपनी आणि तिचे कर्मचारी यांच्यातील न सुटलेल्या प्रश्नांतून येतात, आणि प्रवाशाला मात्र दोन्ही बाबतीत एकच उत्तर मिळते: कारण आमच्या हाताबाहेरचे होते.

आधी चांगले ते सांगतो, कारण ते थोडे नाही. सव्वादोन तासांचे हे उड्डाण बहुतेक वेळा सुरळीत होते. ज्या अंतराला झेलम एक्स्प्रेसने एका दिवसाहून अधिक वेळ लागतो आणि दुरांतोनेही जवळजवळ वीस तास लागतात, ते अंतर पार करून दुपारच्या जेवणाला बहिणीच्या घरी पोहोचता येते, ही सोय मी कधीच गृहीत धरली नाही. केबिन क्रूची वागणूक ५८ पैकी ५६ वेळा तरी मनापासूनची होती. चाकाच्या खुर्चीची मदत मी बहिणीसाठी चार वेळा मागितली आणि चारही वेळा ती वेळेवर मिळाली. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची नवी टर्मिनल इमारत १४ जुलै २०२४ पासून वापरात आल्यावर तर जुन्या इमारतीतील दाटीवाटी, सुरक्षा तपासणीची दरवाजाबाहेर गेलेली रांग आणि बसायला जागा नसल्यामुळे जमिनीवर टेकलेली कुटुंबे हे चित्र पुष्कळच पालटले.

तरीही पुणेकर प्रवाशाची एक तक्रार कायम ऐकू येते, ती म्हणजे उड्डाणांच्या आडनिड्या वेळा. पहाटे साडेतीनला घरातून निघायचे किंवा मध्यरात्रीनंतर घरी पोहोचायचे, याबद्दल लोक कंपन्यांना बोल लावतात. वस्तुस्थिती अशी की लोहगावचा धावपट्टीचा भाग हवाई दलाचा आहे आणि नागरी उड्डाणांना तेथे वेळा मिळतात त्या हवाई दलाच्या गरजा सांभाळून. धावपट्टीच्या कामासाठी २०२० च्या ऑक्टोबरपासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ अशी उड्डाणे बंद राहिली होती आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तर १६ ते २९ तारखेपर्यंत संपूर्ण विमानतळच बंद होता. अशा ठिकाणी सोयीची वेळ ज्या कंपनीच्या हाती लागते ती तिला सोडत नाही आणि नव्या कंपनीला उरलेल्या वेळांवर भागवावे लागते. तिकीट काढताना आपल्याला पडद्यावर दहा पर्याय दिसतात, पण त्या पर्यायांची चौकट आधीच कोणीतरी आखून दिलेली असते.

तिकिटाची पावती हीदेखील त्या चौकटीचीच कहाणी सांगते. मूळ भाडे आणि इंधन आकार ही रक्कम कंपनीची. त्याखाली विमानतळाचे विकास शुल्क, २०० रुपये विमान सुरक्षा शुल्क, प्रादेशिक जोडणीसाठीचा छोटा आकार आणि या सगळ्याच्या शेवटी ५ टक्के जीएसटी. प्रादेशिक जोडणीचा आकार ‘उडान’ योजनेसाठी जातो. म्हणजे पुण्याहून दिल्लीला जाणारा प्रवासी नांदेड किंवा सिंधुदुर्गासारख्या ठिकाणच्या विमानाला हातभार लावतो. मला याचे वाईट वाटत नाही. उलट या अनुदानाची मुदत संपताच लहान गावांची उड्डाणे बंद पडताना दिसतात, तेव्हा तो आकार अधिक नेमकेपणाने वापरला जावा असे वाटते. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा मूल्यवर्धित कर लागतो. महाराष्ट्राने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. इंधन हा विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च असतो आणि तो भागवल्यावर जे उरते त्यातच विमानांचे भाडे, देखभाल आणि पगार बसवावे लागतात. इंधनाचा दर कंपनीच्या हातात नाही, विमानांचे भाडे डॉलरमध्ये द्यायचे असते, म्हणून काटकसर करायची वेळ आली की हात प्रथम कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आणि त्यांच्या तासांवर पडतो. पुढे जे सांगणार आहे त्याचे मूळ येथे आहे.

ऑगस्ट २०२४ मधील रविवारची रात्र. विमान पुण्याहून पावणेदहाला सुटायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ताईची तपासणी होती आणि त्या डॉक्टरांची वेळ सहा आठवड्यांनी मिळालेली होती. दिल्लीत पाऊस असल्यामुळे तिकडून येणारे विमान उशिरा आले. आम्ही आत बसलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दारे बंद झाली, सुरक्षेच्या सूचना झाल्या आणि विमान जागचे हलले नाही. अर्ध्या तासाने कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर आले. घोषणा आतूनही करता आली असती, पण ते पहिल्या रांगेसमोर उभे राहिले आणि हातात माईक धरून त्यांनी शांतपणे सांगितले की, उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत आमच्या ड्यूटीचे तास संपत आहेत, हे विमान दिल्लीपर्यंत नेण्याची मला नियमाने मुभा नाही, आणि दुसरे वैमानिक आज रात्री पुण्यात उपलब्ध नाहीत. चाळिशीचा माणूस, डोळे लाल, टाय नीट, पण शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी तशीच सुटलेली.

मागच्या रांगांतून आरडाओरडा सुरू झाला. एक गृहस्थ उठून पुढे आले आणि अमुक माणसाला फोन लावतो वगैरे बोलू लागले. माझ्या शेजारी सासवडच्या एक काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या, त्यांनी त्या गृहस्थांना हात करून म्हटले, “अहो दादा, रात्रीच्या एस.टी.चा ड्रायव्हर झोप आलीय म्हणाला, तर तुम्ही त्याला चालव म्हणाल का? उतरू या गुमान.” ते गृहस्थ बसले. उतरताना दारात केबिन क्रूमधील मुलगी प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होती. ती पहाटे चारला उठलेली आहे, असे तिने काकूंनी विचारल्यावर सांगितले. तिच्या एका पायात बूट होता आणि दुसरा टाचेमागे दुमडून तिने पाय नुसता आत सरकवला होता, कारण टाच सोलवटली होती.

या रात्रीबद्दल मला कॅप्टनविषयी किंवा त्या मुलीविषयी कसलीही तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतर सुरू होते. रात्री एक वाजता काउंटरवर एकच कर्मचारी होता आणि दीडशेहून अधिक प्रवासी. पाणी मिळाले, जेवण मागितल्यावर एक बिस्किटाचा पुडा मिळाला. वास्तविक अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास, वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाण्यापिण्याची सोय देणे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार बंधनकारक आहे. पर्यायी तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारचे मिळाले. ताई त्या दिवशी शेजाऱ्यांच्या मुलाला सोबत घेऊन दवाखान्यात गेली. जिना चढताना तिला जो त्रास झाला तो तिने मला फोनवर सांगितला नाही, मला तो आठवड्याने कळला.

घरी परतल्यावर मी नियमावली काढून वाचली. प्रवाशाला किमान २४ तास आधी न कळवता उड्डाण रद्द केले, तर परतावा किंवा पर्यायी उड्डाणाशिवाय भरपाईही देय असते: एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिकसाठी १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मी त्याप्रमाणे अर्ज केला. उत्तरात कंपनीने लिहिले की उड्डाण ‘ऑपरेशनल’ कारणाने, कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थितीत रद्द झाले असल्याने भरपाई देय नाही. मी विचारले की पाऊस नियंत्रणाबाहेरचा होता हे मान्य. परंतु अकरा वाजता जे वैमानिक आपल्या तासांच्या शेवटी आलेले असणार हे वेळापत्रकावरूनच दिसत होते, त्यांच्या जागी दुसरे उपलब्ध नसणे हे नियंत्रणाबाहेरचे कसे? या प्रश्नाला उत्तर आले नाही. ‘एअरसेवा’ या सरकारी तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवली; ती कंपनीकडे गेली आणि कंपनीचे आधीचेच उत्तर जोडून ‘निकाली’ अशी नोंद झाली.

ज्या कलमाच्या आधारे हे उत्तर येते, ते प्रत्येक प्रवाशाने एकदा वाचावे. भरपाईतून सूट देणाऱ्या असाधारण परिस्थितींच्या यादीत राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, यादवी, दंगल, पूर, स्फोट यांच्या रांगेतच विमानाला लागू होणारा सरकारी नियम किंवा आदेश आणि काम थांबवणारे किंवा मंदावणारे संप व कामगार तंटे यांचाही समावेश आहे. पूर सांगून येत नाही हे खरे, पण सरकारी नियम राजपत्रासारखा तारीख घालून येतो आणि कर्मचाऱ्यांचे असमाधान महिनोन्‌महिने पत्रांतून, बैठकांतून, संघटनांच्या निवेदनांतून व्यवस्थापनासमोर येत असते. या दोहोंना पुराच्या पंक्तीला बसवल्यामुळे तयारी न करणाऱ्या कंपनीला तयारी न केल्याची किंमत मोजावी लागत नाही. ती किंमत प्रवासी आणि रात्री दारात उभे राहून ‘सॉरी’ म्हणणारे कर्मचारी मोजतात. या सेवेविषयीचे माझे सर्वांत गंभीर म्हणणे हे आहे आणि गेल्या दोन वर्षांत जे घडले त्याने ते अधिकच पक्के झाले.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटजवळ एक वैमानिक कोसळले आणि रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. ते नागपूरहून पुण्याला विमान आणणार होते. त्यांना आधी पुरेशी विश्रांती मिळाली होती असे कंपनीने सांगितले आणि त्या मृत्यूचा संबंध थकव्याशी जोडण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. परंतु वैमानिकांच्या संघटना थकव्याचा प्रश्न अनेक वर्षे मांडत होत्या आणि त्या घटनेनंतर त्याकडे लोकांचे लक्ष वळले, एवढे निश्चित. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्यूटीच्या तासांचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली. आणि रात्रीच्या वेळी एका वैमानिकाला सहाऐवजी दोनच लँडिंग करता येतील असे ठरले. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली, ती मिळाली, आणि वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी न्यायालयासमोर ठरलेल्या क्रमाने पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि रात्रीच्या लँडिंगसह उरलेला टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आला.

म्हणजे पहिल्या घोषणेपासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत जवळजवळ बावीस महिने मिळाले. तरीही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचे, म्हणजे इंडिगोचे, वेळापत्रक कोसळले. दिवसाला २,२०० च्या आसपास उड्डाणे करणाऱ्या आणि देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या या कंपनीची ५ डिसेंबरला एका दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दिल्लीहून सुटणारी तिची देशांतर्गत उड्डाणे त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत पूर्णपणे बंद राहिली. पुण्यात क्रूअभावी उभ्या राहिलेल्या विमानांनी पार्किंगच्या जागा अडवल्या आणि त्याचा फटका इतर कंपन्यांच्या विमानांनाही बसला. मी त्या आठवड्यात ताईकडे दिल्लीत होतो आणि माझे परतीचे तिकीट पुढच्या आठवड्याचे होते, म्हणून मला झळ लागली नाही. पण दूरचित्रवाणीवर सामानाच्या ढिगाऱ्यात आपली बॅग शोधणारी माणसे पाहताना ताई म्हणाली, “यात कोणी दवाखान्याला निघालेलं असेल रे.” मला ऑगस्टची ती रात्र आठवली.

सरकारने त्यानंतर जे केले त्याचे मूल्यमापन करताना मला दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. भाड्यांवर ६ डिसेंबरला घातलेली मर्यादा योग्य होती: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर आणि विमानतळ शुल्क वगळून. पुणे–दिल्ली हे अंतर तिसऱ्या गटात येते. करोनाच्या काळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत भाड्यांवर अशी बंधने होती, तेव्हा ती सरसकट आणि फार लांबली. या वेळी ती नेमक्या अडचणीच्या वेळी आली. परताव्यासाठी तारीख ठरवून देणे आणि इंडिगोच्या वेळापत्रकात १० टक्के कपात करणे हेही समजण्यासारखे होते, कारण जेवढे वैमानिक आहेत तेवढीच उड्डाणे विकली जावीत. पण त्याच वेळी ज्या नियमांमुळे वैमानिकाची झोप वाचते त्यांतूनच कंपनीला रात्रीच्या ड्यूटीबाबत १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली गेली. ज्यांनी वेळेत तयारी केली त्या लहान कंपन्यांना यातून काय सांगितले गेले? ज्या वैमानिकांनी न्यायालयापर्यंत जाऊन हे नियम मिळवले त्यांना काय वाटले असेल? त्यांच्या संघटनांनी सूट देण्याला उघड विरोध केला आणि मला तो विरोध प्रवाशाच्या बाजूचा वाटतो. माझ्या तिकिटात वैमानिकाची विश्रांती समाविष्ट आहे, अशीच माझी समजूत आहे; तिच्यात सूट देण्याआधी ते तिकीट विकत घेतलेल्या माणसाला कोणी विचारले नाही.

कर्मचाऱ्यांच्या असंतोषाचा आणखी एक आविष्कार मी या तीन वर्षांत जवळून पाहिला, तो म्हणजे सामूहिक आजारी रजा. एप्रिल २०२४ मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांनी नव्या वेतनरचनेला विरोध केला. निश्चित पगार दरमहा ४० तासांच्या उड्डाणांपुरता धरला जाणार आणि त्यापुढचे उत्पन्न प्रत्यक्ष उडालेल्या तासांवर अवलंबून राहणार, ही त्या विरोधामागची मुख्य गोष्ट होती. उड्डाणे रद्द होऊ लागली आणि कंपनीने आपल्या वेळापत्रकातून साधारण १० टक्के उड्डाणे कमी केली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या सुमारे २०० केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारी असल्याचे कळवले. २५ जणांना कामावरून काढले गेले आणि दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर त्यांना परत घेतले गेले. जो प्रश्न दोन दिवसांत एका टेबलाभोवती बसून सुटू शकला, तो त्याआधी कित्येक महिने टेबलावर का आला नाही, असे विचारावेसे वाटते.

जुन्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना बांधणाऱ्या दोन सहकाऱ्यांना काढल्याच्या निषेधार्थ अशीच सामूहिक आजारी रजा घेतली होती आणि पाच दिवस सेवा विस्कळीत झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, त्याच कंपनीतून कमी केलेले केबिन कर्मचारी गणवेशातच मुंबईत रस्त्यावर आले, राज ठाकरे यांच्याकडे गेले आणि एका रात्रीत कंपनीने निर्णय मागे घेतला. मराठी वृत्तपत्रांची त्या दिवसाची पहिली पाने अनेकांच्या स्मरणात असतील. २०१२ मध्ये एअर इंडियातील वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणाची संधी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यावी की नाही, हा त्याचा विषय होता आणि सरकारनेच केलेल्या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून तो उद्भवला होता. जेट एअरवेज तर १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली ती कायमची, आणि हजारो माणसांचे पगार अडकून पडले. या सगळ्यात तिकीट हातात धरून उभा राहिलेला माणूस प्रत्येक वेळी एकच होता.

एक नियम मात्र सामान्य प्रवाशांना फारसा माहीत नाही आणि त्याचा या सेवेवर खोल परिणाम होतो. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडण्यासाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. यामागचा हेतू प्रवाशांची गैरसोय टाळणे हा आहे आणि तो हेतू चुकीचा नाही. ४३ वैमानिक सूचनेची मुदत पूर्ण न करता निघून गेल्यावर २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अकासा एअरला शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली होती आणि तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आला होता. तरीही मला हा नियम एकतर्फी वाटतो. वैमानिकाने बारा महिने आधी सांगायचे, पण बावीस महिने आधी सांगितलेल्या नियमासाठी पुरेसे वैमानिक न ठेवणाऱ्या कंपनीवर तशीच सक्ती नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजा संप मानली गेली आहे आणि संपासाठी १४ दिवसांची सूचना आवश्यक ठरली आहे. त्यातून अचानक रद्द होणारी उड्डाणे कदाचित कमी होतील. पण टाच सोलवटलेल्या त्या मुलीला पहाटे चारला उठून मध्यरात्रीपर्यंत ड्यूटी करावी लागल्याबद्दल कोणाकडे दाद मागता येते, याचे उत्तर त्यात मिळत नाही. आणि असंतोष व्यक्त करण्याचा मार्ग अरुंद झाला म्हणजे असंतोष संपला असे होत नाही, हे २००९ पासून आपण पाहत आलो आहोत.

आता या मार्गाने जाणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवातून काही सांगतो. शक्यतो सकाळचे पहिले विमान घ्यावे. ते आदल्या रात्री पुण्यातच मुक्कामाला असण्याची शक्यता अधिक असते आणि त्याच्या क्रूचे तास नुकतेच सुरू झालेले असतात. रात्रीचे शेवटचे विमान दिवसभराचा साचलेला उशीर घेऊन येते. माझी रद्द झालेली दोन्ही उड्डाणे रात्री नऊनंतरची होती. दवाखाना, परीक्षा किंवा न्यायालयाची तारीख असेल तर एक दिवस आधी पोहोचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. उड्डाण रद्द झाले तर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा रद्द होण्याचे कारण लेखी मागावे, कमीत कमी संदेशाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि जेवण, पर्यायी उड्डाण व परतावा यांपैकी काय मागितले आणि काय मिळाले याची वेळेसह नोंद करावी. क्रेडिट कार्डने भरलेले पैसे परत येण्यास नियमाने सात दिवसांची मुदत आहे. आणि समोर उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसावर ओरडू नये. वैमानिकांची संख्या त्याने ठरवलेली नसते.

पाचपैकी गुण द्यायचे तर प्रत्यक्ष उड्डाण आणि क्रू यांना मी साडेचार देतो, लोहगावच्या नव्या टर्मिनलला चार, अडचणीच्या वेळी मिळणाऱ्या माहितीला दोन आणि तक्रार निवारणाला एक. भाड्याच्या मानाने सेवा परवडते का, याला माझे उत्तर होय असे आहे, परंतु स्पर्धा दोन समूहांपुरती उरल्यामुळे ही स्थिती किती काळ टिकेल याची चिंता वाटते. देशांतर्गत दहा प्रवाशांपैकी नऊ आज इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानात बसतात, आणि एकीचे वेळापत्रक कोलमडले की दुसरीकडे जागाच नसते हे डिसेंबरने दाखवले. त्या दृष्टीने सरकारने सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट भरपाईच्या कलमातील यादी दुरुस्त करणे ही आहे: पुरेशा मुदतीने जाहीर झालेला नियम आणि कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांशी असलेला तंटा हे दोन्ही त्या यादीतून बाहेर यायला हवेत. क्रूचे तास संपणे हे कारण असेल, तर ते तसेच लिहून देणे कंपनीवर बंधनकारक असावे. हे झाले तर वैमानिक अधिक नेमणे कंपनीला भरपाई देण्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि माझ्या हिशेबी अनुभवाने सांगतो, स्वस्त पडले की ते होते.

मी ऑगस्ट २०२४ च्या उड्डाणाबद्दलची तक्रार पुन्हा नोंदवली आहे, या वेळी वेळापत्रक, कॅप्टनच्या घोषणेची वेळ आणि कलमाचा उतारा जोडून. ती ‘प्रक्रियेत’ आहे. ताईची पुढची तपासणी महिन्याअखेरीस सोमवारी आहे. मी शनिवारी सकाळी सव्वासहाच्या विमानाचे तिकीट काढले आहे.